वाचक विधवेची परंपरा

गवळवडे, ता. २१ जानेवारी १९४६

चि. अर्जुना,

आशीर्वाद. तू त्या साहेबाबरोबर दुभाषा म्हणून आमच्या गावात येऊन गेलास, त्याला आठवडा झाला. साहेबाचे खरे नाव तू सांगितले होतेस, पण गावाने त्याचे नाव टिपणसाहेब ठेवले आहे. लढाईवर गेलेल्या शिपायांच्या गावच्या चालीरीती लिहून घ्यायला आला होता हे ठीक, पण कोंबडी आडवी गेली तरी तो वही काढत होता.

तुला एकच विचारायचे आहे. मी चावडीत वर्तमानपत्र वाचत होते, तेव्हा तो दारात उभा राहून बघत होता. त्याने तुला काही विचारले. तू इंग्रजीत पुष्कळ बोललास आणि त्याने पुष्कळ लिहिले. तू काय सांगितलेस?

मला हे कळायला हवे, कारण आता माझ्या चावडीतल्या जागेवर आले आहे. मानसिंगराव पाटील दुसऱ्याच दिवशी दारात आले. नात्याने धाकटे दीर, त्यामुळे आत येऊन बसले आणि चहा पिऊन बोलले. म्हणाले, "वैनी, साहेबाच्या म्होरं गावाची शोभा झाली. बाईमाणूस चावडीत कसं, असंच इचारलं आसंल त्यानं. ही काय आपल्यात रीत न्हाई. आता शिमग्यापातूर वाचा, म्होरं ऱ्हाऊ द्या."

तुला सगळे माहीत आहे, तरी लिहिते. तुझे काका पहिल्या लढाईतून परत आल्यापासून चावडीतल्या त्या खांबाशी घोंगडे टाकून रोज पेपर वाचायचे. ते गेले तेव्हा वर्षाची वर्गणी भरलेली होती, म्हणून अंक येत राहिले. ते येत राहिले म्हणून मी लावून लावून वाचायला शिकले. शाळेत गेले नाही, मास्तर ठेवला नाही. काका मोठ्याने वाचायचे, ते कानात होते. त्यावरून अक्षरे जुळवली. मग लोक दाराशी येऊन विचारू लागले, "वैनी, लढाई कुठवर आली?" आधी उंबऱ्यातून वाचले. पावसाळ्यात दाराशी माणसे भिजायला लागली, तेव्हा बिराप्पा धनगर म्हणाला, "चावडीत चल की. मालकाची जागा मोकळीच हाय." तेव्हापासून त्याच घोंगड्यावर बसते. तीन वर्षे झाली.

ती जागा गेली तर मी घरी वाचीन, त्याचे काही नाही. पण घरी माझे वाचणे आहे. चावडीत तुझ्या काकांचे वाचणे आहे. म्हणून विचारते.

तुझी मावशी,
बनुबाई

•

सातारा, ता. २ फेब्रुवारी १९४६

तीर्थस्वरूप मातृतुल्य मावशीच्या चरणी बालक अर्जुनाचा शिरसाष्टांग नमस्कार. येथील सर्व क्षेम असून आपल्याकडील कुशल वर्तमान नेहमी कळवीत असावे ही विनंती.

मावशी, जे झाले ते असे. साहेबाने मला विचारले, "ही बाई इथे बसून वाचते, हा इथला कस्टम आहे की आज सहज बसली आहे?" मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि मला साहेबाच्या मागे उभे असलेले मानसिंगराव दिसले. त्यांचा चेहरा असा होता की, 'सहज' म्हटले असते तर तुझे घोंगडे त्याच संध्याकाळी घरी आले असते. म्हणून मी म्हणालो, "साहेब, ही या खोऱ्याची फार जुनी ट्रॅडिशन आहे. गावाचा वाचणारा मेला की त्याची विधवा त्याच्या जागी बसून वाचते."

साहेब फार खूश झाला. म्हणाला, इतक्या वर्षांत मला हे कुणीच कसे सांगितले नाही? मी म्हणालो, कुणी विचारलेच नसेल.

मग त्याने विचारले, वाचायला सुरुवात करण्याआधी ती चष्मा कपाळाला का लावते? मी सांगितले, मृत पतीला वंदन म्हणून. हे तरी खरे असेल ना?

आता पुढचे संकट. साहेब या सगळ्याचे पुस्तक छापणार आहे आणि त्याचे मराठी करण्याचे काम आमच्या कचेरीकडे, म्हणजे माझ्याकडे आले आहे. त्यात चार शब्द वारंवार येतात: कस्टम, यूसेज, ट्रॅडिशन आणि कन्व्हेन्शन. आमचे मुख्य भाषांतरकार अनंतराव हे वाईचे, शब्दांच्या बाबतीत फार कडक. ते म्हणतात, चार शब्दांना चार शब्द हवेत, एकाला दुसऱ्याचे कपडे घालायचे नाहीत. कन्व्हेन्शन म्हणजे जे कुणी लिहिलेले नसते, कुणी सांगितलेले नसते, तरी सगळे पाळतात. मोडणाऱ्याला शिक्षा होत नाही, पण पुढच्या वेळी त्याला चहाला बोलावत नाहीत. याला आपल्याकडे काय म्हणतात? चाल, रीत, रूढी, वहिवाट, परंपरा यांत फरक काय, हे तू गावात कसे ऐकतेस ते कळव. कोशात सगळ्यांपुढे सगळेच दिले आहेत.

आपला आज्ञाधारक,
अर्जुन

•

गवळवडे, ता. १५ फेब्रुवारी १९४६

चि. अर्जुना,

आशीर्वाद. तुझा मायना अर्धे पान खातो. सातारला खुर्चीत बसून तू साष्टांग नमस्कार कसा घातलास? आज्ञाधारक म्हणून सही करतोस आणि मी न सांगता साहेबाला इतिहास सांगतोस.

चष्म्याचे खरे नाही. तो यांचा आहे, सांगलीच्या बाजारातून घेतलेला. माझ्या डोळ्यांना त्याचा नंबर लागत नाही, पण अजिबात नसण्यापेक्षा बरा. एक दांडी दोऱ्याने बांधली आहे. वाचण्याआधी मी तो पदराने पुसते आणि वर धरून डाग गेला का बघते. कपाळाला लावत नाही. साहेब दारात होता, त्याला तसे दिसले असेल.

आता तुझे शब्द. मी शिकलेली नाही, ऐकते ते सांगते. चाल मोडली तर सासू बोलते. रीत मोडली तर भावकी बोलते. वहिवाट मोडली तर बांधावर कुऱ्हाड निघते आणि प्रकरण इस्लामपूरच्या कोर्टात जाते. रूढी हा शब्द आमच्यात कुणी बोलत नाही. तो मी फक्त वर्तमानपत्रात वाचते, आणि तिथे रूढी नेहमी दुष्टच असते, तिचे काही चांगले झाल्याचे अजून वाचले नाही.

तुझे ते चहाचे मला लगेच कळले. पाटील चावडीत आले की सगळे उठतात. बिराप्पा उठत नाही, त्याचे गुडघे धरले आहेत. खरे म्हणजे गुडघे धरण्याआधीही तो उठत नव्हता. पण कुणी काही बोलत नाही. सगळ्यांनी उठायचे आणि बिराप्पाने बसायचे, हे दोन्ही तुझे कन्व्हेन्शन असावे. त्याला आमच्याकडे शब्द नाही. शब्द दिला की भांडण लागेल म्हणूनच दिला नसेल.

राहिली परंपरा. हा कीर्तनातला शब्द आहे. तो माझ्यासाठी वापरू नकोस. परंपरा म्हणायला आधी कुणी पाहिजे आणि मागे कुणी पाहिजे. माझ्या आधी या गावात कुणी बाई चावडीत बसली नाही. माझ्या पोटी मूल नाही, म्हणजे मागेही कुणी नाही. मध्ये एकटी बाई बसली आहे, तिला परंपरा म्हणत नाहीत. तिला मावशी म्हणतात. तू साहेबाला सांग, तीन वर्षे झाली, आणि खरे तेच छाप. जागा जायची तर खऱ्याने जाऊ दे.

शिमगा महिन्यावर आला आहे.

तुझी मावशी,
बनुबाई

•

सातारा, ता. ३० जून १९४६

ती. मावशीस नमस्कार, खुर्चीत बसूनच.

इतके महिने पत्र लिहिले नाही, कारण लिहिण्यासारखे तोंड नव्हते. तुझे पत्र मिळाले त्याच दिवशी मी साहेबाकडे गेलो. साहेबाने इंग्रजी पुस्तक आधीच छापखान्यात धाडले होते. तू पान एकेचाळीसवर आहेस.

मराठीत मी पुष्कळ खटपट केली. आधी 'प्रघात' लिहिले. अनंतराव म्हणाले, प्रघात कालपरवाचासुद्धा असतो. मी म्हणालो, म्हणूनच लिहिला. ते म्हणाले, साहेबाने ट्रॅडिशन लिहिले आहे. आपण भाषांतरकार आहोत, पंच नाही. त्यांनी माझ्या देखत प्रघात खोडून 'परंपरा' केले, आणि वर 'पुरातन' असा एक शब्द स्वतःच्या पदरचा घातला. वाक्याला तोल येतो म्हणाले.

एवढ्यावर भागले असते. पण टिपणसाहेबाला वाटले की अशी सुंदर चीज लढाईच्या धामधुमीत नाहीशी होऊ नये. त्याने आमच्या कचेरीतून गावोगाव पत्रक काढले की, आपल्या गावची सध्याची वाचक विधवा कोण, तिचे नाव व वय कळवावे.

मावशी, उत्तरे यायला लागली आहेत आणि ती मलाच इंग्रजीत करावी लागतात. एका गावाने लिहिले आहे, 'आमच्याकडे विधवा आहेत, वाचक नाहीत. मास्तर वाचक आहेत, पण त्यांची पत्नी हयात आहे.' कोरेगावकडचा एक पाटील स्वतः कचेरीत आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आमच्यात एक बाई हाय, लय झ्याक वाचती. पर नवरा खणखणीत हाय. तवा नाव द्यायचं का दम धरायचा?" मी म्हणालो, दम धरा. आता त्या माणसाला साधा ताप आला तरी मला झोप लागणार नाही.

शिमग्याचे काय झाले ते कळव. विचारायला भीती वाटते.

अर्जुन

•

गवळवडे, ता. १९ ऑगस्ट १९४६

चि. अर्जुना,

आशीर्वाद. शिमग्याला काही झाले नाही. शिमग्याआधी दोन दिवस मानसिंगरावांना कुणीतरी सांगितले की गावाचे नाव इंग्रजी पुस्तकात येणार आहे. ते म्हणाले, पुस्तक येईपर्यंत राहू द्या. तू मराठी केलेले पुस्तक आले, आणि तुझे पत्रक पण आले. त्यानंतर जे चालले आहे ते वर्तमानपत्रात असते तर मी खोटे समजून वगळले असते.

मानसिंगरावांनी पान एकेचाळीस मला चावडीत मोठ्याने वाचायला लावले. माझ्याच पुरातनपणाबद्दल मीच वाचले. संपल्यावर ते सगळ्यांकडे बघून म्हणाले, "आईकलं का रं? आपल्या गावची परंपरा हाय. माझा आजा सांगत हुता." मी म्हणाले, "आवं भावजी, जानेवारीत तुम्हीच म्हणालात रीत नाही." तर म्हणाले, "रीत न्हाईच, वैनी. परंपरा हाय. येगळं असतंय ते." तुझ्या अनंतरावांना सांग, त्यांच्या तोलाचा माणूस इथेही आहे.

मग ओढ्यापलीकडच्या भैरववाडीचा पाटील ज्योतिबा चावडीत आला. बसायच्या आधीच म्हणाला, "ही परंपरा मूळची आमची. तुमच्या गावानं उचलली." मानसिंगराव म्हणाले, "मग तुमची बाई कुठं हाय?" ज्योतिबा म्हणाला, "मधी खंड पडला." त्यावर ते दोघे दिवस मावळेपर्यंत भांडले. जी गोष्ट नव्हतीच, ती कुणी कुणाची चोरली यावर. मी घोंगड्यावर बसून होते. मला कुणी काही विचारले नाही.

माझी जागा राहिली, असे तू म्हणशील. जागा राहिली, पण आता त्या जागेवर मला बसायला शिकवतात. परवा चष्मा पुसून डोळ्यांना लावला, तर चार माणसे एकदम म्हणाली, "कपाळाला, कपाळाला." मी म्हणाले, मी पुसतेय. तर गुंडा शिंपी म्हणाला, "काकी, पुस्तकात तसं न्हाई." पाटलांनी निरोप धाडला की पुस्तकात घोंगडे काळे लिहिले आहे, यांचे घोंगडे करडे आहे, तेव्हा काळे आणून देतो. ते मी ऐकले नाही. चष्मा कपाळाला लावीन, पण घोंगडे बदलणार नाही. त्याला अजून तंबाखूचा वास येतो, कमी झाला आहे, पण पाऊस असला की येतो.

तुझी मावशी,
बनुबाई

•

सातारा, ता. ६ सप्टेंबर १९४६

मावशीस नमस्कार.

घाईत लिहितो. टिपणसाहेब विलायतेला परत गेला. नवा साहेब आला आहे आणि तो खूश होणाऱ्यांतला नाही. त्याच्यासमोर मानसिंगराव व ज्योतिबा या दोघांचे अर्ज आले. दोघांनीही लिहिले आहे की परंपरा आमची, दुसऱ्याची नकली. साहेबाने शेरा मारला: 'या दोहोंपैकी एकतरी खरी आहे काय?' चौकशीला कारकून येईल, आणि मूळ माहिती कुणी दिली हे तो मलाच विचारणार आहे.

खरे सांगितले तर माझी नोकरी जाते आणि तुझी जागा. खोटे सांगितले तर दोन्ही राहतात, पण मी राहत नाही. अनंतराव म्हणतात, 'पुरातन' हा शब्द आपण घातला हे कुणाला सांगू नकोस. तेही घाबरले आहेत. मी काय लिहू?

अर्जुन

•

गवळवडे, ता. १२ जानेवारी १९४७

चि. अर्जुना,

आशीर्वाद. 'खरे लिही' एवढेच कार्ड मी तुला तेव्हा धाडले होते. तू खरे लिहिलेस आणि तुझी नोकरी राहिली, हे तुझ्या आईकडून कळले. ती कशी राहिली ते तुला अजून नीट ठाऊक नसेल. मी सांगते.

चौकशीचा कारकून दिवाळीनंतर आला. तुझा कागद त्याच्या हातात होता. त्याने चावडीत सगळ्यांसमोर मला विचारले, "बाई, हे केव्हापासून आहे?" मी म्हणाले, "आमचे मालक वारले तेव्हापासून. तीन वर्षे होऊन गेली. त्याआधी कुणी बाई बसलेली नाही." मला वाटले, झाले. घोंगडे उचलायची मनाने तयारी केली होती.

तेवढ्यात बिराप्पा म्हणाला, "तिचं काय ऐकताय सायेब? ती सून म्हणून आलीया. तिला गावची परंपरा काय म्हाईत?"

सगळे म्हणाले, व्हय, व्हय. कारकुनाने बिराप्पाला विचारले, तुम्हाला काय माहीत आहे? बिराप्पाने सांगितले की त्याच्या आज्याने लहानपणी एका म्हातारीला त्याच खांबाशी पेपर वाचताना ऐकले होते. कारकून म्हणाला, "तेव्हा पेपर निघत होते का?" बिराप्पा म्हणाला, "आमच्यात येत हुता." मी पुन्हा म्हणाले, हे खरे नाही. मानसिंगराव म्हणाले, "वैनी, तुमी वाचायचं बघा. बाकीचं आमी बघतो." कारकुनाने लिहिले की दुभाषा व बाई यांना पुरेशी माहिती नाही, परंतु गावातील वृद्धांच्या सांगण्यावरून प्रथा जुनी दिसते. तर तू खोटा ठरला नाहीस, अर्जुना. तू आणि मी अडाणी ठरलो.

आता दुसरे, ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले.

ज्योतिबा गप्प बसणारा नव्हताच. भाद्रपदातच तो एका मुलीला घेऊन माझ्या दारात आला, बरोबर गुळाची ढेप. म्हणाला, "वैनी, ही शालू. हिचा मालक ब्रह्मदेशात पडला. हिला वाचाय शिकवा. साहेबाला नाव द्यायचं हाय." जसे बैलाला नांगराला शिकवा म्हणावे तसे. ती बाविशीची असेल. पदर डोळ्यांवर, मान खाली. मी रागावून म्हणणार होते की तुमच्या भांडणात मला घेऊ नका. पण ती आत येऊन भिंतीशी बसली आणि रद्दीतला एक अंक हातात घेऊन नुसता धरून बसली. मी पण पहिल्या वर्षी तसाच धरून बसायची. मग तिच्या शेजारी बसून पहिले अक्षर दाखवले.

रोज दुपारी ओढा ओलांडून यायची. कितीतरी दिवस एक शब्द बोलली नाही. अक्षर दाखवले की बोट ठेवायची, विचारले की मान हलवायची. एके दिवशी बाजारभावाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "इस्लामपूर. गूळ." आणि हसली. मला तिचा आवाज तेव्हा कळला. म्हणाली, "मावशी, गूळ उतरलाय. ज्योतिबाला सांगू नगा, त्यो रडंल."

काल भैरववाडीच्या चावडीत ती पहिल्यांदा बसली. मला मानाने बोलावले होते, आणि मानसिंगरावसुद्धा आले, नकली आहे म्हणायला. पण ज्योतिबाने पुस्तक काखेत ठेवूनच सगळे मांडले होते. घोंगडे काळेभोर, नवे. चष्मा पुस्तकात आहे म्हणून चष्मा पण आणलेला. तिच्या नवऱ्याने कधी चष्मा लावला नाही आणि तिचे डोळे चांगले आहेत, म्हणून इस्लामपुरातून नुसती चौकट आणली, काचा नाहीत. शालूने ती घेतली आणि पदराने पुसायला लागली. माझे बघून तिला तेवढेच ठाऊक. बोट आरपार गेले. सगळी चावडी गंभीरपणे बघत होती, कुणी हसले नाही. मानसिंगराव माझ्या कानाशी म्हणाले, "वैनी, कपाळाला लावायचं ऱ्हायलं." मी म्हणाले, "नाही भावजी. असेच असते. पुस्तकात चुकले आहे."

मग तिने वाचले. दिल्लीच्या बातमीत एका लांब नावाशी अडली. थांबली, माझ्याकडे बघितले. ते नाव मला येत होते. मी खाली बघितले. सगळे थांबले होते, ज्योतिबाचे ओठ हलत होते. तिने ते तोडून तोडून लावले आणि पुढे गेली. तिचा आवाज जरा वर लागतो. काकांचा खाली लागायचा. पण वाक्य संपल्यावर थांबायची तऱ्हा त्यांचीच होती, पुढचे वाचण्याआधी समोरच्या माणसाला समजले का बघायची. ती मी त्यांच्याकडून घेतली होती, हे मला काल कळले.

रात्री घरी येऊन यांचे घोंगडे झटकले आणि आत ठेवले. मग तुझे जुने पत्र काढून वाचले. मी तुला लिहिले होते की परंपरा म्हणायला आधी कुणी पाहिजे आणि मागे कुणी पाहिजे. आधी कुणी बाईच असायला हवी, असे मी धरून बसले होते. तसे काही नसते.

तुझ्या अनंतरावांना माझा नमस्कार सांग. म्हणावे, 'पुरातन' काढून टाका. दुसरा शब्द बरोबर होता, फक्त सहा महिने आधी छापला.

तुझी मावशी,
बनुबाई